मागची डावी सीट

५ एप्रिल २०२५, शनिवार
झालं एकदाचं! गॅरेजवाल्या विपुलने आज गाडीच्या अलार्मला जास्तीचे सेन्सर जोडून दिले. बिल्डिंगमधल्या तीन गाड्यांचे सायलेन्सर चोरांनी कापून नेले — चौथा आमचा नको. आता गाडी उचलली तर कळतं, काच फोडली तर कळतं, आणि मागच्या सीटखाली पण सेन्सर — आत कोणी बसलं तरी कळतं. भोंगा मात्र बंद. सेक्रेटरी हौसेरावांचं फर्मान, दुपारी लोकांची झोपमोड होते म्हणे! त्यामुळे नुसता रिमोट थरथरतो आणि त्याच्यावर चित्र लुकलुकतं.

रिमोटवर एक चॅनल रिकामा होता, म्हणजे एक बटण मोकळं. विपुल म्हणाला, मॅडम, याच्यावर डिकी देऊ की लाइट? मी म्हटलं, मागची डावी काच. घरातून बटण दाबलं की खाली गेली पाहिजे. तो बघतच राहिला. संघर्षला, माझ्या नवऱ्याला, कारण माहीत आहे.

८ एप्रिल, मंगळवार
आज घरून काम. चार वाजता रिमोट थरथरला. मागच्या डाव्या सीटचं चित्र! धावत खाली गेले. गाडी बंद. आत कोणी नाही.

त्याच सीटवर आई गेली. जानेवारीत, सिग्नलला अडकलो होतो, हॉस्पिटल दहा मिनिटांवर. "काच खाली घे गो बाय, जीव घुसमटतोय," म्हणत होती. मी एसी वाढवला. धूळ येईल म्हटलं. धूळ!

बटण दाबलं. काच खाली गेली. मग पार्किंगमध्येच बसून पोटभर रडले.

१२ एप्रिल, शनिवार
शेजारच्या हेतलनेही आज विपुलकडून डिट्टो आमच्यासारखं बसवून घेतलं. गाडी तीच, पांढरी, पार्किंगही शेजारी. काचेचं बटणसुद्धा! स्वतःचं डोकं म्हणून वापरायचं नाही.

१४ एप्रिल
जयंती. विहारातून यायला संध्याकाळ झाली. रिमोट घरीच राहिला — दिवसभर जीव त्याच्यात अडकलेला.

१५ एप्रिल, मंगळवार
चार वाजून पाच मिनिटं. तीच सीट. वरूनच बटण दाबलं.

१७ एप्रिल, गुरुवार
पुन्हा. आता चार वाजायच्या आधीच कामावरून लक्ष उडतं. बटण दाबताना आपसूक तोंडातून निघालं — घेतली गो आई, खाली घेतली. भीती वाटते, आणि नाही थरथरला तर जास्त वाटते.

संध्याकाळी लिफ्टमध्ये हेतलची कुरकुर. तिच्या गाडीची काच म्हणे आपोआप उघडते, कबुतरांनी सीट घाण केली. विपुलचं कामच बोगस, म्हणाली.

१९ एप्रिल, शनिवार
संघर्षने मला रिमोटशी बोलताना पाहिलं. भांडला नाही, तेच वाईट. म्हणाला, आपल्यात मानतात का असलं? गाडी विकून टाकू. पुढच्या रविवारी गिऱ्हाईक येतंय. मी हो म्हटलं. रिमोट कपाटात, साड्यांच्या खाली.

२२ एप्रिल, मंगळवार
आत्ताच हॉस्पिटलमधून परत आले.

चार वाजता कपाटातून गुरगुर सुरू झाली. माझी मीटिंग चालू होती. नाही बघायचं, ठरवलं होतं. पाच मिनिटं. दहा. वीस! इतका वेळ कधीच नाही. शेवटी उठले, साड्या फेकल्या, बटण दाबलं आणि खाली पळाले.

आमच्या गाडीत कोणी नाही. शेजारी हेतलच्या गाडीची काच खाली — आणि तिच्यातून एक हात लोंबत होता. तिचे सासरे, बापूजी! घामाने निथळत, डोळे अर्धवट मिटलेले. हल्ली त्यांना काही आठवत नाही. सगळे कामावर गेले की दुसरी किल्ली घेऊन गाडीत बसतात, गावाला जायचं म्हणून. नातीसाठी मागच्या दाराला चाइल्ड लॉक, आतून उघडत नाही. काच खाली गेली की हात बाहेर काढून दार उघडायचे आणि मुकाट घरी यायचे. कोणाला पत्ताच नाही! आज काच खाली गेली, पण हातात जोर राहिला नव्हता.

हौसेरावांच्या गाडीतून नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं.

२४ एप्रिल, गुरुवार
बापूजी घरी आले. विपुल हात जोडून उभा होता. दोन्ही गाड्यांना त्याने एकच कोड दिलेला. त्यांची सीट माझा रिमोट थरथरवायची, माझं बटण त्यांचीही काच उघडायचं. आज कोड बदलला. हेतल माझा हात धरून रडली.

संघर्ष म्हणाला, झालं समाधान? झालं. खरंच झालं. आईसाठी उघडली नाही ती काच कोणासाठी तरी उघडली. किती महिन्यांनी अशी झोप येतेय. जाऊ दे आता गाडी.

२६ एप्रिल, शनिवार
सहज मागची पानं चाळली. हेतलच्या गाडीत सेन्सर बसला बारा तारखेला. माझा रिमोट पहिल्यांदा थरथरला आठ तारखेला.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.