तोंडी सूचना

१० मार्च
स्वातंत्र्य सक्तीचं झालं! राजधानीहून पत्र आलंय — 'सरकारी वकिलांचे स्वातंत्र्य', तीन दिवसांची कार्यशाळा, १२ ते १४. गैरहजर राहणाऱ्यावर कारवाई. आणि महापौराच्या भावाची, रोलान्दोची, सुनावणी १३ला! काय योग!

म्हटलं, खटला माझा आहे. आमचे वरिष्ठ, ओत्तोनिएलसाहेब, हसले. "अहो नीदियाबाई, रुबेन जाईल की तुमच्याऐवजी. 'आरोपीला सोडायला हरकत घेऊ नकोस', एवढं सांगा त्याला." साहेब लेखी कधीच देत नाहीत. नुसतं सुचवतात.

११ मार्च
रुबेनला सांगितलं. हा माझा सहायक वकील, नुसता कागदी किडा. पेन्सिल हवी तरी अर्ज करतो. म्हणाला, "मॅडम, हे लेखी मिळेल का?" मी म्हटलं, "डोकं खाऊ नकोस रे."

दारात दोन्या त्रान्सितो. रोलान्दोने झऱ्याच्या पाण्यावरून हिच्या मुलाला, एलिसेओला, गोळी घातली. माझ्यासाठी मक्याचं गरम अतोल घेऊन आली होती. "वकीलबाई, परवा तुम्ही असाल ना कोर्टात?" हो म्हटलं. धडधडीत खोटं.

१२ मार्च
हॉटेल झकास. नाश्त्याला तळलेली केळी. परदेशी पाहुण्यांनी विचारलं, तुमच्यावर दबाव येतो का? चाळीस वकील आपापल्या ताटात बघत बसले. शेवटी मीच उठून भाषण ठोकलं. टाळ्या!

१३ मार्च
फोन दिवसभर बंद. कार्यशाळेचा नियम. बरंच आहे.

१४ मार्च
प्रमाणपत्र मिळालं, सोनेरी अक्षरांत. मग फोन लावला. रुबेनने हरकत घेतली!! दोन तास बोलला म्हणे, माझ्याच फाइलमधलं एकेक पान वाचून. रोलान्दो तुरुंगात, खटला चालणार.

१७ मार्च
साहेब लालबुंद. "तुला सांगितलं होतं ना?" रुबेन थंड. "साहेब, फाइलमध्ये तशी सूचना नाही. फाइलमध्ये नाही ते कोर्टात कसं बोलू?"

या माणसाला मी तीन वर्षं शेळपट समजत होते. लाज वाटली.

दोन्या त्रान्सितोने मला विचारलं, "आता बरं आहे ना तुम्हाला? आजारी होतात म्हणे." रुबेनने तिला तसं सांगितलं होतं.

१९ मार्च
साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. माझ्याकडून रुबेनला लेखी सूचना — हरकत घेऊ नये. तारीख १० मार्च. फक्त माझी सही बाकी. "हा फाइलला लागला की रुबेनने आज्ञा मोडली असं होतं. तो घरी, सुनावणी पुन्हा." आणि सही नाही केली तर? "सीमेवरच्या कचेरीत जागा आहे. डास फार, बाकी छान." आईचं डायलिसिस इथे आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक.

मेले तरी सही करणार नाही.

२१ मार्च
सही केली.

नियमाप्रमाणे सूचनेवर रुबेनची पोच लागते. त्याने कागद दोनदा वाचला. वर १० मार्च टाइप केलेलं; त्याने खाली लिहिलं — 'मिळाला, २१ मार्च.' मग एक प्रत घेऊन थेट न्यायाधीशांकडे निघाला. मी दारातच उभी होते. बाजूला झाले.