पुढची उजवी जागा

११ जानेवारी

नाही, तू गप्प बस आणि आधी माझं ऐकून घे. हेवाबिवा काही नाही मला. कालच्या पानावर तसं लिहिलं होतं, ते पान मीच फाडलंय. वहीनं वहीसारखं राहावं.

झालं ते असं. डॉक्टरांनी बाबांना वजन उचलायची बंदी केली. 'हृदय निम्म्यावर चाललंय. बादलीसुद्धा उचलायची नाही.' तीस वर्षं लोकांच्या शवपेट्या खांद्यावरून नेलेला माणूस — आणि आता बादलीसुद्धा नाही. येतानाच मी मनात म्हटलं, आता विचारतील. दुकान घरचं, मुलगी एकुलती एक, जागा रिकामी.

संध्याकाळी बाबांनी सगळ्या खांदेकऱ्यांना दुकानात बोलावलं. मी दिवा लावायच्या निमित्तानं तिथंच घुटमळत होते. बाबा म्हणाले, 'पुढची उजवी आता शिडीची. तिच्या जुन्या जागेवर सुतारकाका येतील.'

पुढची उजवी म्हणजे बाबांची जागा. तिथला माणूस पाऊल ठरवतो, बाकीचे पाच त्याच्या पावलात पाऊल टाकतात. आणि शिडी म्हणजे ती उंच पोरगी, दोन वर्षांपूर्वी कामाला लागलेली. पाच फूट अकरा. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायची म्हणे. मी चार फूट दहा. पेटी खांद्यावर सरळ राहायची तर सहाही खांदे एका उंचीचे लागतात — हे मला दहाव्या वर्षापासून पाठ आहे, कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तरी विचारायला हवं होतं त्यांनी. नुसतं विचारायला. मी नाहीच म्हटलं असतं.

१२ जानेवारी

शिडीनं वाकून बाबांचा हात हातात घेतला. वाकल्यावरही माझ्याहून उंच.

१६ जानेवारी

गुरुवार. सरावाचा दिवस. दुकानामागच्या आवारात पेटी घेऊन तीन फेऱ्या, मग पायऱ्या. आणि पेटीत वजन म्हणून मी. हे माझं जुनं पद. वाळूची पोती घातली तर ती पडल्या जागी गप्प राहतात, माणूस सरकतो, म्हणून बाबांना माणूसच हवं. कॉलेजातल्या मैत्रिणी सुट्टीत फिरायला जायच्या, मी पेटीत आडवी व्हायचे. झाकण लावत नाहीत. वर आभाळ दिसतं, आणि कडेला सहा कान. माझी पहिली गोष्ट मी तिथंच रचली. अठरा पानं, एकही पूर्णविराम नाही. बाबांनी ती अख्खी वाचली आणि विचारलं, 'ह्यात माणसानं श्वास कुठं घ्यायचा?'

आतून सगळं कळतं. मधल्या जागांवर दोघे जुळे भाऊ, एक हसला की दुसरा डुलतो. सुतारकाका धापा टाकतात. बाबांचा कोपरा मात्र कधी कळायचाच नाही. जणू तिथं कुणी नाहीच, पेटी आपली आपण चाललीय.

आज डोळे मिटून पडले होते. खांद्यावर फडक्याची घडी ठेवून शिडी उभी राहिली, 'डावं,' म्हणाली आणि निघाली. पुढची उजवी कुठं हलते याची वाट बघत होते मी. वळण आलं. पायऱ्या आल्या.

हलली नाही.

घरी आले तर आई दारातच वाट अडवून. 'पेटीतून आलीस ना? हातपाय धू आधी, मग माझ्या भांड्यांना हात लाव. आणि तोंड कशाला एवढं पाडलंय? आडवी तर पडून होतीस.'

१९ जानेवारी

पत्रक लिहायला घेतलं. दुकानात येणारे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, तेही अर्धे तोंडातच ठेवून. म्हणून बाबांना एक छापील कागद हवाय. 'तू लिही,' म्हणाले, 'तुझं कॉलेज कामाला येऊ दे.' ते पडून उत्तरं देत होते, मी खाटेच्या कडेला बसून लिहीत होते.

कुठलं पाऊल आधी? — 'डावं. सगळ्यांचं. त्यात कुणाचं मत विचारायचं नाही.'

पाय पुढं की डोकं? — 'पाय. घरातून निघताना कुणी पाठमोरं निघतं का?'

बायकांनी खांदा दिला तर चालतो का? — 'शिडीकडे बघा म्हणावं.' (आलीच!)

लहान मुलांना आणावं का? — 'त्यांना विचारा. त्यांना कुणी विचारतच नाही.'

पेटी नेताना रडू आलं तर? — 'रडावं. पण पाऊल चुकवू नये.'

काळे कपडे नसले तर? — 'स्वच्छ असले म्हणजे झालं.'

सातवा प्रश्न: खांद्यावर न घेता, कडेच्या कड्या हातानं धरून नेली तर? इथं ते उठूनच बसले. 'ती काय भाजीची पिशवी आहे? कड्या शोभेच्या असतात. लिही — आमच्याकडे तसं नेत नाहीत.'

लिहिलं. आमच्याकडे तसं नेत नाहीत. बाबा कागदात डोकावून म्हणाले, 'बघ. पूर्णविराम दिला की किती बरं दिसतं.'

ते झोपल्यावर मी आठवा प्रश्न लिहिला. घरचं माणूस बुटकं असेल, तर त्यानं आपल्या बापाला कुठं धरायचं?

लगेच खोडला. एकच रेघ, पण मारली.

२३ जानेवारी

आज मी एक गोष्ट केली. तुला सांगते, कारण तू कुणाला सांगणार नाहीस.

सरावाला पेटीत पडले होते. पायऱ्या उतरताना पुढचं टोक खाली जातं. मी पाय आवळले आणि सगळ्या अंगानिशी पुढं उजवीकडे घसरले. मुद्दाम. धाडकन. पेटी तिरकी झाली, जुळ्यांपैकी एक 'अरे अरे अरे' करायला लागला. शिडीचा कोपरा वीतभर खाली गेला आणि तिथंच थांबला. तिच्या घशातून एक आवाज आला, जड कपाट फरशीवरून ओढल्यासारखा. पाऊल चुकलं नाही. मोजत होते मी, डावं उजवं डावं उजवं, एकही नाही.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. पेटी खाली ठेवल्यावर जवळ आले. वाकायची मनाई, म्हणून उभ्यानंच म्हणाले, 'लवंगी, आतलं माणूस हलत नसतं.'

एवढंच.

शिडी म्हणाली, 'माझाच पाय घसरला, उस्ताद.'

खोटं बोलली. माझ्यासाठी! कुणी सांगितलं होतं तिला?

२४ जानेवारी

तिच्यावर उपकार करायची एक संधी मला मिळू दे. एकच. मग बघते.

२९ जानेवारी

ती अठरा पानांची गोष्ट मासिकाकडून परत आली. संपादकांनी समासात लिहिलंय, 'प्रयोग आहे, पण कुणाबद्दल आहे?' मी ती दुकानातल्या टेबलावर आपटून जेवायला गेले. परत येते तर शिडी उभ्या उभ्या वाचतेय, शेवटच्या पानावर पोचलेली.

'ही पेटीत पडून लिहिलीस ना?' म्हणाली. 'वाचताना वर आभाळच दिसतं नुसतं.'

दोन वर्षांत त्या गोष्टीबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं बरं वाक्य. आणि ते हिनं बोलावं! पानं हिसकावून घेतली. वर 'हात पुसून घेतले होतेस का?' असं विचारलं. पुसलेले होते.

२ फेब्रुवारी

बाबांना आता उशीवरून उठवत नाही. शिडी भेटायला आली. मी पाणी घेऊन येते तर आई तिच्या उघड्या खांद्याला गरम फडक्यानं शेक देत होती. खांदा अजून निळा-पिवळा.

'अगं बाई, कुठल्या जनावराला उचललंस?'

'वजन जरा चंचल होतं, काकू.'

बाबा हसले. खोकला लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, 'पोरी, ह्या खांद्यावर आठवडाभर काही घ्यायचं नाही.' पोरी! माझ्या बाबतीत हा शब्द त्यांनी शाळा सुटल्यावर टाकून दिला.

ती पेला ठेवायला स्वयंपाकघरात आली, मी विसळत होते.

'तुला हवी होती ना ती जागा?'

'नाही.'

'मग मला पाडत होतीस कशाला?'

'पाय आखडला होता.'

ती जायला वळली आणि दाराच्या चौकटीला टेकून थांबली. 'माझे वडील गेले तेव्हा मी दुसऱ्या गावात सामना खेळत होते. पोचले तोवर सगळं झालेलं. कुणी नेलं, कुणाकुणाचा खांदा होता, अजून माहीत नाही.'

मी पेला पुन्हा विसळला.

झालं. आता हिचं दुःखसुद्धा माझ्याहून उंच.

९ फेब्रुवारी

बाबा हॉस्पिटलात, सहा दिवस झाले. सकाळी मी, दुपारी शिडी, संध्याकाळी पुन्हा मी. वेळापत्रक आईनं लावलंय, मला कुणी विचारलं नाही.

आज आईला घरी सोडून लवकर परत आले. पडद्याआड शिडीचा आवाज. पत्रक वाचून दाखवत होती. बाबांना आता चष्म्यानंही अक्षर लागत नाही, आणि हात तर सलाईननं बांधलेलेच. ती एक प्रश्न वाचायची, एक उत्तर वाचायची. बाबा म्हणायचे, 'हं. पुढं.'

माझी वाक्यं, तिचा आवाज, आणि त्यांचं हं.

मी पडद्याबाहेर उभी राहिले. मग खाली कँटीनला गेले आणि दोन चहा घेतले. दोन्ही मीच प्यायले.

११ फेब्रुवारी

मी विचारलं, 'पत्रक कसं झालंय, बाबा?'

नाकात नळी. डोळे मिटलेले. मला वाटलं, झोप लागली.

'चांगलंय,' म्हणाले. 'श्वास घेता येतो.'

१५ फेब्रुवारी

बाबा गेले. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

मी होते. शिडी नव्हती. त्या क्षणी मला काय वाटलं, ते मी तुलाही सांगणार नाही.

१६ फेब्रुवारी

दुकानात उद्याची तयारी. बाबांची पेटी मधोमध लाकडी घोडीवर ठेवलेली. शिडी पॉलिश करतेय. सुतारकाका गुडघ्यावर बसून कड्यांशी खटपट करतायत — छोटे स्क्रू काढून बोटभर लांबीचे घालतायत, आतून लोखंडी पट्टी लावतायत. दुपारभर तेच.

मी म्हटलं, 'काका, उद्या पुढची उजवी मला द्या.'

काकांनी पेचकस खाली ठेवला. 'अगं, तुझा खांदा शिडीच्या कोपराला लागतो. बाकी पाच जण पेटी नेतील आणि तू खाली छत्री धरल्यासारखी हात वर करून चालशील.'

जुळे हसले. मग दोघांनाही एकदमच लाज वाटली.

'मग मी काय करू?'

'मागं चाल. आईला धर.'

'आईला कुणी धरायला नको आहे. तिनं आज सकाळपासून तिघांना धरलंय.' आवाज चढला माझा. 'आणि ह्या कड्यांना काय सोनं लावताय? शोभेच्या आहेत त्या. बाबांनी कधी हात लावला का कडीला?'

काकांनी नुसतं शिडीकडे बघितलं. शिडीनं पॉलिशचा बोळा ठेवला.

'हॉस्पिटलातून दिलेली पिशवी उघडलीस का?'

'नाही.'

'उघड ना. त्यात —'

'तू कोण मला सांगणारी? तुझे वडील आहेत का?'

हे बोलून बाहेर पडले. मागून कुणी काही म्हणालं असेल तर ऐकलं नाही. अर्ध्या रस्त्यात आठवलं, तिचे वडील.

१७ फेब्रुवारी

आईला बाबांचा कंगवा हवा होता, म्हणून पिशवी उघडली. कंगवा, चष्मा, एक मोजा. आणि पत्रक.

सातव्या उत्तरावर काट. आठवा प्रश्न, माझ्या रेघेखालचा, तसाच वाचता येतोय. त्याच्याखाली शिडीच्या अक्षरात —

'मग खांद्यावर घेऊ नये. कड्या धरून हातानं न्यावी. कड्या आधी पक्क्या करून घ्याव्या. पुढची उजवी घरच्या माणसाची. उंच माणसांनी कोपर वाकवावं.'

बाबांनी सांगितलं की तिनं मनानं लिहिलं? वाक्यं तोकडी आहेत. तोकडी वाक्यं बाबांची. पण बोलते तीही तशीच.

खाली सगळे थांबलेत. ती दारात उभी आहे. खांद्यावर फडकं नाही. कुणाच्याच नाही. विचारलं तर ती खरं सांगेल. म्हणून विचारणार नाही.

ती तोंड उघडायच्या आत तिच्यापुढून खाली उतरायचं. डावं पाऊल आधी. निघाले.