खालच्या सांध्यात तेल

३ ऑगस्ट २०२५, रविवार

चाक वळतच नाही! स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकले. इंचभर हललं आणि माझाच खांदा धरला. आबा ब्याऐंशीचे. हात थरथरतात, बशीतला चहा सांडतो. ते हे कसं वळवणार?

पण वळवणार. दसऱ्याला. याच गाडीत, चालकाच्या जागी बसून, सुगनचंद शेटजींच्या बंगल्यावरून. ठरलं म्हणजे ठरलं.

एकतीस वर्षं आबा शेटजींकडे ड्रायव्हर. त्यांनी चालवायची ती मोठी मोटार. ही विलायती दोन-सीटर त्यांनी फक्त धुतली, पुसली, तिचे नट आवळले, इंजिन गरम करून पोर्चमध्ये आणून उभी केली. रविवारी शेटजी स्वतः चालवायचे. डाव्या बाजूला शेठाणी प्रेमकुंवरबाई. आबांनी डावं दार उघडायचं, त्या बसल्या की लावायचं, आणि धूळ खाली बसेपर्यंत फाटकात उभं राहायचं. मीही उभी असायचे, बापाचं बोट धरून.

शेटजींचा नातू अखिल ती विकतोय कळलं, त्याच आठवड्यात मी घेतली. त्याला वाटलं, मॅडमना जुन्या गाड्यांचा शौक आहे. शौक!

७ ऑगस्ट

समाधान मिस्त्रीचं गॅरेज. तो मडगार्डखाली, मी बाहेर उभी राहून त्याला सांगतेय की ही नुसती दुरुस्ती नाही, हा इतिहासाचा हिशेब आहे. खालून आवाज – "ताई, भाषणानं नट सुटत नाही. तो चौदाचा पाना द्या."

दिला.

त्याचा बेत पटला. भंगारातल्या एका छोट्या गाडीची विजेवर चालणारी पॉवर स्टिअरिंगची मोटर काढायची आणि हिच्या स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवायची. पुढच्या स्प्रिंगा जरा मऊ, शॉकअप नवे – आबांच्या कमरेसाठी.

अखिलचा फोन आला. बातमी कुठून लागते यांना? "मॅडम, ओरिजिनल ठेवा हो. दादाजींनी एक स्क्रू बदलू दिला नव्हता."

म्हटलं, "स्क्रू आवळत कोण होतं, नाव माहीत आहे?"

"आधारभाऊ ना."

माहीत होतं! त्याला माहीत होतं, याचाच मला जास्त राग आला.

१४ ऑगस्ट

आज आबांना शर्टाचं वरचं बटण लागेना. मी लावायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला.

दसऱ्याला सात आठवडे.

२२ ऑगस्ट, पोळा

समाधानचे वडील बैलगाड्या बांधायचे. पोळ्याला आधी गाडीच्या आसाला वंगण, मग बैलांची पूजा – ही घरची रीत. आता बैल नाहीत, गाड्या नाहीत. पण पोळ्याला गॅरेजमधल्या सगळ्या वाहनांना समाधान स्वतःच्या हातानं ग्रीस भरतो. एकही सांधा सोडत नाही. आमच्या गाडीच्या नाकाला त्यानं बैलाचा गोंडासुद्धा बांधला होता. फार गोड दिसत होती.

आबांना दाखवायला नेलं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून वाकले, पुढच्या चाकामागं बोट दाखवलं – "तठे ग्रीस नका भरू. तठे तेल टाकतस."

समाधान हसला. "आबा, तुमच्या वेळचं ग्रीस वेगळं होतं. हे ट्रकला चालतं!"

आबा माझ्याकडे बघत राहिले. मला भडगावच्या सभेची एस.टी. गाठायची होती. म्हटलं, "करू द्या त्याला, आबा. त्याचं काम आहे."

भडगावला तासभर बोलले. ज्याचे हात कामात गेले त्याला विचारा, ज्ञान तिथं आहे, पदव्यांत नाही! टाळ्या थांबेनात. घसा बसला.

९ सप्टेंबर

मोटर बसली. चाक वळतं! गुंई असा आवाज येतो आणि वळतं. खालून करकरतं मात्र. समाधान म्हणतो, नवीन आहे, बसेल. मला बसवत नाही. वर्गात शिकवताना फळ्यावर आज सनावळीऐवजी दसऱ्याची तारीख लिहून बसले. पोरं हसली.

मला चालवता येत असती तर आजच पाळधीपर्यंत नेऊन आले असते. अठरा वर्षांची असताना म्हटलं होतं, आबा, मला शिकवा. "ड्रायव्हर घरमा एकच पुरे," म्हणाले, आणि वाचनालयाचं कार्ड हातात ठेवलं. त्या कार्डानं मला इथवर आणलं. पण ते वाक्य अजून टोचतं.

१४ सप्टेंबर

मोडलं.

गाडी जागेवर उभी. समाधाननं स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं. मोटरनं जोर लावला, खट् झालं, आणि उजवं चाक पाय मोडल्या बैलासारखं आत दुमडलं. गाडी नाकावर बसली. आबा दोन पावलांवर उभे होते! आणि हेच हमरस्त्यावर झालं असतं तर – आबा आत असताना –

समाधाननं चाकामागचा खालचा सांधा उघडला, आबांनी पोळ्याला दाखवलेला. आत नुसता गंज. आटे झिजलेले. गेल्या कित्येक वर्षांत कोणी कोणी भरलेलं ग्रीस वरच गोळा होऊन वाळलेलं, त्यावर आमचं पोळ्याचं. खाली थेंब उतरला नव्हता. चाक जड होतं ते याच सांध्यामुळं. त्यावर आम्ही मोटर लावली. जे अडलं होतं ते जोरानं रेटलं.

समाधान फरशीवर बसून राहिला. "ताई, आबा बोलले होते."

आबा म्हणाले, "जड नही व्हती ती कव्हयच. मी दर महिनाले तेल टाकू." न चुकता टाकायचे. इंग्रजी येत नव्हतं, पण गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात त्या सांध्याजवळ तेलाच्या कुपीचं चित्र होतं. बाकी सगळीकडे ग्रीसच्या पिचकारीचं. तेवढं त्यांनी पाहून ठेवलं होतं.

"मंग हे चित्राचं आधी का नाही सांगितलं?" समाधान.

"कोनी इचारंच नही."

१५ सप्टेंबर

भडगावच्या टाळ्या कानातून जात नाहीत. काय तोंडानं बोलले मी!

२८ सप्टेंबर

नवे सांधे मागवले होते, आले. दोन्ही बाजूंचे बसले. तेल आबांनीच टाकलं, लांब चोचीच्या कुपीनं. हात थरथरत होता, अर्धं जमिनीवर सांडलं. समाधान कुपी धरायला पुढं झाला तर त्याला म्हणाले, "सरक तिकडे." तो सरकला. मीही.

मोटर काढून टाकली. आबांनी एका हातानं स्टिअरिंग फिरवलं – या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज नाही. समाधाननं कान पकडले. "आबा, पुढच्या पोळ्याला कुपी तुमची."

चार दिवस. आबा चालवणार! समाधान बाजूला बसेल, हात हँडब्रेकवर ठेवून. मी बंगल्याच्या फाटकात उभी राहून पाहीन.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीला झेंडूचा हार. समाधाननं किल्ली आबांच्या हातात दिली. आबा चालकाच्या उजव्या दाराशी गेलेच नाहीत. गाडीला वळसा घालून डावीकडे आले आणि दार उघडून उभे राहिले. जुनी सवय – मला वाटलं. कोणासाठी उघडलं म्हणून मी मागं वळून पाहिलं.

आबा आत बसले. दार स्वतःच लावलं. किल्ली माझ्यापुढं धरली.

"चालाड."

"आबा, मला येत नाही."

"माहीत शे. शिक. मी बठेल शे."