तीन खोटी उत्तरं

रविवार, १९ एप्रिल

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. भावोजींना नमस्कार, पिल्लाला पापा. मी फोन उचलत नाही म्हणून तू फुरंगटली आहेस, हे तुझ्या मेसेजमधल्या नुसत्या ‘बरं’वरून कळलं. कारण सांगते, पण आधी शाळेचं ऐक. आमच्या सातवीचा निकाल लागला!

तुला माहीतच आहे, सगळ्या शाळांची ती एकच चाचणी. एक प्रश्न, चार उत्तरं, बरोबर उत्तराचं वर्तुळ काळं करायचं. वर्षभर वर्तुळं काळी करून पोरांची तोंडंही तशीच झाली होती. आणि मी समोर उभी राहून सरावाचे प्रश्न मोठ्याने वाचत घसा फोडायचे. एक दिवस तो बसला, तो बसलाच. डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केली. हसू नकोस. जिला तू ‘रेडिओ’ म्हणायचीस, तिला!

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तुम्ही घरी आराम करा. वर्ग शेजारच्या सरांकडे देते. ते रोज दोन पेपर सोडवून घेतील.” मी कागदावर लिहिलं, ‘एक आठवडा द्या.’ दिला, पण नाराजीनेच. आता न बोलता कसलं डोंबल शिकवायचं?

तेव्हा तू आठवलीस. मला वाचायला शिकवताना तू मुद्दाम चुकीचं वाचायचीस. “उंदराने मांजराला पळवलं.” मी पुस्तक हिसकावून ओरडायचे, “नाही! मांजराने उंदराला!” अशीच तर मी वाचायला शिकले.

मी फळ्यावर लिहिलं, ‘प्रश्न माझा. खरं उत्तर शोधा आणि सोबत तीन खोटी रचा. समोरचा गट फसला, तर तुम्ही जिंकलात.’

पहिल्या दिवशी नुसता धिंगाणा. पाव अधिक पाव किती, तर एकाने लिहिलं ‘बेडूक’. मग आमची खारूताई उठली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला हे नाव. तिने सगळ्यांना झापलं, “अरे, खोटं खरं वाटायला नको का? माणूस नेमका कुठे चुकतो ते आधी शोधा!” ताई, वर्षभर मी घसा फोडून हेच तर सांगत होते.

आठवडा संपला तशा मुख्याध्यापिका सरांना घेऊनच वर्गात आल्या. खारूताईने त्यांनाच गाठलं. “शंभराची वस्तू. भाव दहा टक्के वाढला, मग दहा टक्के उतरला. आता किती?” त्या झटकन म्हणाल्या, “शंभरच की.”

“नव्व्याण्णव!” अख्खा वर्ग ओरडला. मी हातानेच पोरांना गप्प बसायला खुणावलं. पण त्या लाल झाल्या, मग हसल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “आणखी एक विचार.” सर दारातूनच परत गेले.

आमचा निकाल सरांच्या वर्गापेक्षा चांगला लागला असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण तेवढाच लागला. फरक इतकाच, की माझी पोरं परीक्षा संपली तरी खोटी उत्तरं रचून आणतात.

हे सगळं तुझ्यामुळे. तोंडाने कधी म्हटलं नाही, आता लिहून म्हणते. ताई, तुझे फार उपकार आहेत गं.

आता फोनचं. घसा नुसता बसलेला नाही. आत गाठ आहे. गुरुवारी काढणार. गाठ साधी आहे, त्याची काळजी नाही. पण आवाज पूर्वीसारखा येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. आला नाही तर पुढच्या वर्षी मला वर्ग देतील का, तेही ठाऊक नाही. मला भीती वाटते. पोरांत असले की विसरते, घरी आले की पुन्हा वाटते. धावत येऊ नकोस, ह्यांनी रजा घेतली आहे.

बोलायची परवानगी मिळाली की पहिला फोन तुला. आवाज घोगरा असेल, परका वाटेल, कदाचित तू ओळखणार नाहीस. फोन ठेवू नकोस. पिल्लाचं एखादं पुस्तक उघड आणि मुद्दाम चुकीचं वाच. पलीकडून कुणी “नाही!” म्हणून ओरडलं, तर ती मीच.

तुझाच,
सध्या बंद असलेला
रेडिओ