चालता चालता घेतलेलं नाव

आबा, आई आता माझ्याकडं असते, पुंडलिकनगरला. ती विसरायला लागली आहे. मला कधी कधी "पाव्हणं, चहा घेता का?" म्हणते, माझं नाव तिच्या तोंडून बरेच दिवस ऐकलेलं नाही. उस्मानपुऱ्यातले डॉक्टर म्हणाले, नुसतं चालवू नका, चालताना डोक्यालाही काम द्या. म्हणून रोज सकाळी देवपूजा झाली की मी तिला कॉलनीतल्या बागेत नेतो. तिथं एक मुलगी म्हाताऱ्या माणसांचा व्यायाम घेते. फरशीवर खडूनं चौकटी आखलेल्या असतात. एकेका चौकटीत पाऊल टाकायचं आणि टाकता टाकता एक नाव सांगायचं, कधी भाजीचं, कधी गावाचं. मला बांधावरून शाळेला जातानाचे तुम्ही आठवता. तुम्ही पुढं चालत पाढे विचारायचात आणि मी आठवायला थांबलो की मागं न बघता म्हणायचात, "चालत सांग. उभं राहून कुणीबी सांगतंय."

परवा त्या मुलीनं घरातल्या माणसांची नावं सांगायला लावली. आईनं बहिणींची सांगितली, सुनेचं सांगितलं, आपल्या बैलांचीसुद्धा सांगितली. तुमचं आलं नाही. मुलगी हळूच म्हणाली, "काका, आजोबांचं नाव आजी विसरल्या का?" मी म्हणालो, "नाही, ती त्यांचं नाव घेत नाही." म्हणालो खरा, पण माझी मलाच खात्री नव्हती. मतदार यादीवाला आपल्या दारात आला होता, तो दिवस डोळ्यांपुढं येतो. आई भाकरी थापता थापता आतून ओरडते, "बाबू, तू सांग रं ह्यांचं नाव!" आणि तुम्ही ओट्यावर बसून हसताय, "सांगू नको रे, बघू कशी घेत नाय ती." तेव्हा नाव तिच्या ओठांमागं होतं. आता आहे का, एवढंच मला कळायला हवं होतं.

म्हणून आज मीच म्हणालो, "आई, उखाणा घे. लग्नात आत्यानं उंबऱ्यात अडवलं होतं, तेव्हाचा."

"आता? लोकं हसतील की."

"घ्या वो, घ्या," बाकीच्या आज्या मागं लागल्या. "लई लाजती बघा, नवरीवानी!"

आईनं पदर सावरला आणि पाऊल उचललं. "ज्वारीच्या भाकरीला ठेच्याची जोड," पुढच्या चौकटीत नाव, त्याच्या पुढच्या चौकटीत "वन्सं, वाट सोड." कुठं अडली नाही, पाऊलही चुकलं नाही. फक्त नाव माझं होतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघा काका, आजोबांचं नाव आठवलं की नाही?" मुलगी म्हणाली. तिला तुमचं नाव कुठं माहीत? मी मान डोलावली. आईला पाणी दिलं, तिच्या चपला पुढं ठेवल्या, घरी आणलं. रडू आलं नाही. संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, तेव्हाही काही मागावंसं वाटलं नाही. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहवतं आहे. तुमच्या जागी माझं नाव ऐकलं तेव्हा आधी तुमच्यासाठी दुःख झालं नाही, आबा. मी तरी अजून तिच्यात कुठंतरी आहे, हेच आधी मनात आलं, आणि बरं वाटलं.