शेवटची पाटी

ता. ४, सोमवार

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं सारं पोचलं: एक ट्रंक, बिस्किटांचा डबा आणि तुझी लेक. हमाली चार आणे. डबा चेपलाय. लेक वरून धड दिसते, पण खाली रस्त्यात पाय वाजला की खिडकीकडे धावते. मी जपाला बसले की ही खोलीभर येरझारा घालते. माळ कुठवर आली तेच मी विसरते. हवापालट एवढंच तू लिहिलंस. मावशीला खरं कळायला नको का?

तुझी ताई

ता. ८, शुक्रवार

ती. ताईस शि. सा. न.

सांगते, पण मनात ठेव. आमच्या थेटरात मूकपटातल्या पाट्या मोठ्यानं वाचायला एक पोरगा होता. खालच्या बाकांवरच्यांना कुठे वाचता येतं? हिचं मन त्याच्यावर बसलं. मालकाची मुलगी आणि पगारी वाचणारा! ह्यांनी त्याला काढून टाकलं आणि पेढीवाल्यांच्या मुलाशी हिचं ठरवलं. आई, तू तरी बोल, म्हणून लेक रडली. ह्यांच्यापुढे माझं कधी चाललंय? तिला करमत नसेल तर सिनेमा दाखव. पण वरच्या खुर्च्यांवर बसा. तिथे काटकसर नको.

तुझी धाकटी

ता. १३, बुधवार

चि. धाकटीस आशीर्वाद.

केली काटकसर. वरच्या दोन तिकिटांत आठवड्याची भाजी येते, म्हणून खाली बसलो. पाट्या वाचायला जो उभा राहिला, त्याला बघून हिनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. मी समजले, हाच तो.

गोष्ट श्रीमंताच्या मुलीची आणि माळ्याची. पोरगा वाचतो छान. आमचं अख्खं बाक नाक ओढत होतं. शेवटची पाटी आली: ती वडिलांच्या घरी परत गेली. त्याला शब्द फुटेना. लोक ओरडले, अरे वाच की, झोप लागली का! तर तुझी लेक उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, ती परत गेली नाही. खाली टाळ्या, वर हशा. वरच्यांना वाचता येत होतं. मलाही येतं, धाकटे. पण तिला खाली ओढायला माझा हात उठला नाही.

काल तो घरी आला. दाराबाहेरच घुटमळत होता. मीच म्हटलं, आत ये बाबा, इथे मनाईची पाटी लावलेली नाही. येत्या सोमवारी दोघं लग्न करायचं म्हणतात. देवापुढे बसून खूप विचार केला. माझ्यानं नकार देववत नाही. वरचे हसणारे तुझ्या यजमानांच्या कानावर घालतीलच. त्याआधी तू सांग. एकदा तरी बोल.

राग आला तरी माया पातळ करू नकोस. पोरगी अजून खिडकीकडे धावते, आता पोस्टमनची हाक आली की. येतेस ना, ते उलट टपाली कळव.

तुझी ताई