खोलीतली दुसरी कॉट

प्रिय मास्तर,

तुझा फोन बंद येतोय म्हणून हे कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतोय. कधीतरी फोन सुरू करशीलच. बोलताना माझं पुढचं मागे आणि मागचं पुढे होतं, ते तुला माहीत आहे. लिहिलेलं पुन्हा वाचून नीट करता येतं. लंबू गेल्याचं तुला कॉलेजच्या मेलवरून कळलं, तेही सगळ्यांना एकदम पाठवलेल्या, याचं मला फार वाईट वाटतं. हॉस्टेलच्या मॅडमनी आम्हा कामगारांना तंबी दिली होती, त्याच्या घरच्यांना कळेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. त्यांना कळलं, आणि लगेच तो मेल गेला.

तुमची खोली आज रिकामी केली. सगळा मजलाच रिकामा करून तिथे साथीच्या आजाऱ्यांना ठेवणार आहेत. जी मुलं सुट्टीला घरी गेली आणि तिकडेच अडकली, त्यांचं सामान आम्ही बांधतो. त्यासाठी मी एक युक्ती काढली आहे. मॉपच्या दांड्याला फोन चिकटपट्टीने बांधायचा, दांडा बादलीत उभा करायचा आणि एकेक वस्तू फोनसमोर धरायची. पलीकडून पोरगा किंवा पोरगी सांगते, ठेव, टाक, ठेव. एकीने सगळी पुस्तकं टाकायला लावली आणि वाळलेल्या रोपाची कुंडी मात्र ठेवायला सांगितली. एकाने काहीच सांगितलं नाही. फोन जरा खिडकीकडे फिरव म्हणाला, आणि खालच्या सायकलींकडे बघत बसला. त्याचा या देशात राहायचा परवाना संपलाय आणि नवा कोण देणार ते कुणालाच ठाऊक नाही. वर्ग घरबसल्या सुरू आहेत, फी मात्र जागच्या जागी आहे. मॅडमना विचारलं तर त्या म्हणतात, मी फक्त किल्ल्या सांभाळते रे बाबा.

आपली ओळख कशी झाली ते आज सारखं आठवत होतं. तुमच्या दाराबाहेर मी व्हॅक्यूमच्या मशीनला आपल्या भाषेत शिव्या घालत होतो आणि आतून लंबू खो खो हसत बाहेर आला. त्याचं डोकं चौकटीला लागलं, तेव्हा त्यानेही तीच शिवी दिली. मी कुलूप दोनदा ओढून बघतो म्हणून त्याने मला इन्स्पेक्टर केलं. माझी नववीतून शाळा सुटली हे कळल्यावर तू मला बाहेरून दहावीला बसवायचं मनावर घेतलंस, म्हणून तू मास्तर. मला बीजगणित येत नव्हतं आणि लंबूला मला ते येत नाही हे बघवत नव्हतं. तू रागवायचास आणि तो मागून बोटांनी उत्तर दाखवायचा.

तू वडिलांच्या ऑपरेशनसाठी घरी गेलास आणि पंधरवड्यात साथीमुळे या देशाची दारं लागली. लंबूलाही जाता आलं असतं. शेवटच्या विमानात जागा होती, पण तो म्हणाला, इन्स्पेक्टर, एकदा बाहेर पडलो की मला परत कोण घेतंय? प्रयोगशाळेत त्याचं काम अर्ध्यावर होतं. मग प्रयोगशाळाही बंद झाली आणि कँटीनमधली त्याची नोकरीही गेली. मजल्यावर तो आणि टोकाच्या खोलीतला एक, एवढेच उरले. नियम असा की एका खोलीत एकच माणूस. मी जेवणाचा डबा दारात ठेवायचो, दार वाजवायचो आणि मागे सरकून उभा राहायचो. तो दार उघडून लांबूनच सलाम ठोकायचा. भात अर्धा टाकायचा. संत्री मात्र सालीला काही उरणार नाही अशी संपवायचा.

एकदा डबा ठेवताना आतून बोलणं ऐकू आलं. मास्तर, आवाज कमी कर रे, आईशी बोलतोय. मग थोड्या वेळाने, हो गं, तोच लावतो वाफ घ्यायला, सोडतोय कुठे. मला वाटलं, तू कसातरी चोरून आलास आणि याने तुला आत लपवलंय. मॅडमना कळलं असतं तर तो बाहेर आणि मीही बाहेर. डबा तसाच हातात धरून मी उभा राहिलो. फोन संपल्यावर त्याने दार उघडलं, तर आत कुणीच नाही. तुझ्या कॉटवर चादर चुरगळलेली होती, तुझा निळा टी-शर्ट उशाशी टाकलेला होता, बाजूला चहाचा कप. फोनच्या चौकटीत एवढंच येईल असं मांडलं होतं त्याने. माझं तोंड बघून तो हसायला लागला. म्हणाला, आई रोज रडत होती की तू एकटा आहेस, म्हणून सांगून टाकलं, मास्तर परत आला.

त्यानंतर तू इथेच राहत होतास, मास्तर. तू घोरायचास. तू भात करपवलास. लंबू झोपून राहिला की तू त्याची चादर ओढायचास. काकू तुझ्यावर खूश होत्या. फक्त एवढा शहाणा मुलगा फोनवर यायला का लाजतो, असं विचारायच्या, आणि लंबू सांगायचा, त्याचा क्लास चालू आहे गं. क्लास तर कायमच चालू असायचे, त्यामुळे ते खपून जायचं. तुला सांगणार होता तो. तू हसशील म्हणून लांबवत राहिला.

ताप आला तेव्हा त्याने लपवला नाही. स्वतः मॅडमना फोन केला. पांढरे कपडे घातलेली माणसं न्यायला आली. लिफ्ट वापरायची नाही म्हणून तो जिना उतरून गेला, खांद्याला लॅपटॉप. त्याला काम सादर करायचं होतं आणि तारीख पुढे ढकलायला कुणी तयार नव्हतं. चार्जर राहिला, तो मी हॉस्पिटलच्या फाटकावर नेऊन दिला. पहारेकऱ्याने काठीने पिशवी ओढून घेतली. त्या दुपारी लंबूचा फोन आला. काम सादर झालं, पण परीक्षक सारखे म्हणत होते, जरा मोठ्याने बोला. हे सांगताना त्याला हसू येत होतं आणि हसताना खोकला. त्याने विचारलं, मास्तरचा बाप चालायला लागला का? मला माहीत नव्हतं. लागले का रे? घाबरलास का असं मी विचारलं, तर म्हणाला, रात्री जरा घाबरतो, दिवसा शेजारचा म्हातारा बडबडतो त्यामुळे बरं असतं. पुढच्या वेळी फोन नर्सबाईंनी धरला होता. त्याच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्याने मला बोटांनी काहीतरी दाखवलं. मला वाटतं, तो बीजगणिताचं उत्तर दाखवत होता. नंतर फोन आला तो मॅडमना.

आज त्याचं सामान बांधताना काकू आणि काका फोनवर होते. हॉस्पिटलातून परत आलेला लॅपटॉप उघडला तर कॉलेजचा मेल वर आला, आपण सलग तीन तासिकांना गैरहजर आहात, खुलासा करावा. काकांना दिसायच्या आत मी झाकण लावलं. काकांनी मध्येच एकदा विचारलं, कोर्स पूर्ण झाला असं धरतील ना? मी म्हणालो, धरायलाच पाहिजे. कोण धरणार ते मला माहीत नाही. काकूंनी एकही वस्तू टाकायला सांगितली नाही. मोज्यांची जोडीसुद्धा नाही. शेवटी म्हणाल्या, बाळा, जरा मास्तरच्या कॉटवर बस आणि तिथून फोन धर. मी धरला. समोर लंबूची कॉट, नुसती गादी. त्या म्हणाल्या, इथून तो सारखा दिसत असेल ना मास्तरला? मी म्हणालो, इथून ती कॉट नीट दिसते. त्यावर त्या म्हणाल्या, माझा पोरगा एकटा नव्हता, तेवढ्याच आधारावर बसले आहे मी.

मास्तर, त्या रविवारी सकाळी तुला फोन करणार आहेत. तुझा नंबर त्यांनी मागितला आणि मी दिला. त्यांना विचारायचंय, तो जेवायचा का, घाबरला होता का, जाताना चालत गेला का, काय म्हणाला. म्हणून मी हे सगळं जसं झालं तसं लिहिलं, काही वाढवलं नाही. तू इथे नव्हतास हे तुला खात असणार, फोन त्यामुळेच बंद असणार, एवढं मला कळतं. तिथे होतो असं म्हण, हे मी तुला सांगू शकत नाही. नव्हतो असं सांगायचं ठरवलंस तर आधी मला कळव, ते त्यांना मी सांगेन, कारण दाराबाहेर मी होतो. पण सांगायचं नाही असं ठरवलंस, तर जे लागेल ते या कागदांवर आहे, पुन्हा पुन्हा वाचून ठेव. काहीही ठरव, रविवारी फोन तेवढा चालू ठेव. वाजला की लगेच उचल. हल्ली कुणी फोन उचलायला वेळ लावला की काकू रडायला लागतात.

तुझाच,
इन्स्पेक्टर